गरिबांचा कैवार घ्यायचाय? आधी अंगठीचं माप द्या

हे बघा, गरिबांच्या बाजूने उभं राहायचं तर पहिल्यांदा लागते अंगठी. सोन्याची नाही हो, तुकुमची. तुकुम म्हणजे अ‍ॅमेझॉनकडचं ताडासारखं झाड, त्याच्या बीची काळी अंगठी ब्राझीलमध्ये मुक्तीचं धर्मशास्त्र मानणारे, म्हणजे गरिबांच्या बाजूने उभं राहणं हाच ख्रिस्ती धर्म म्हणणारे लोक घालतात, आणि पूर्वी म्हणे ज्यांना सोनं परवडायचं नाही ते गुलाम आणि आदिवासी लग्नात हीच घालायचे. आता ऑनलाइन मिळते, रिटर्न पॉलिसी तेवढी बघून घ्या. मग चारचौघांत कॉफीचा कप त्याच हाताने उचलायचा, कुणीतरी विचारतंच.

फक्त बिशप पेद्रो कासाल्दालिगांचं फार मनावर घेऊ नका. 1971 मध्ये ब्राझीलमधल्या साओ फेलिक्स दो अरागुआयाचे बिशप झाले तेव्हा बिशपची उंच टोपी नको म्हणाले, शेतमजुराची गवती हॅट घातली, बिशपच्या काठीच्या जागी वल्हं घेतलं. इथपर्यंत झकास, फोटो काय येतो! पण माणसाने तिथे थांबावं ना, तर त्याच वर्षी बड्या जमीनदारांविरुद्ध पत्रक काढून मोकळे. मग धमक्या आल्या, 1976 मध्ये पोलीस चौकीत बायकांचा छळ चाललाय तो थांबवा म्हणून सांगायला गेले तर सोबतच्या फादर बुर्निएरना तिथेच पोलिसाने गोळी घातली. 2020 मध्ये गेले ते पुरले कुठे, तर नदीकाठी मजुरांच्या शेजारी. हॅट घ्या तुम्ही, वल्हं घेऊ नका, फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नसते.

रोमेरो मात्र बिनधास्त घ्या, कॉफी मग, टी-शर्ट, फ्रिज मॅग्नेट, सगळ्यावर शोभतात. एल साल्वादोरचे आर्चबिशप, 2018 पासून तर संत, संतपद दिलं त्या दिवशी पोपनी त्यांचाच रक्ताचे डाग पडलेला दोरीचा कंबरपट्टा बांधला होता. ते रक्त कसलं हे मुलांना सांगत बसू नका, म्हणजे मग सांगावं लागतं की मारलं त्याच्या आदल्या दिवशीच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, ते सैनिकांना दडपशाही थांबवा म्हणाले होते, त्याच्याआधी अमेरिकेच्या कार्टरसाहेबांना पत्र लिहून आमच्या सरकारला लष्करी मदत देऊ नका म्हणून कळवलं होतं, आणि 24 मार्च 1980 ला कॅन्सर हॉस्पिटलच्या चॅपेलमध्ये मिस्सा चालू असताना गोळी लागली. संत झाल्यावर माणूस कसा शांत दिसतो बघा.

आपल्या इकडचंच काही पाहिजे असेल तर सिपर आहे. एल्गार परिषद प्रकरणात अटक झालेले फादर स्टॅन स्वामी, वय 83, पार्किन्सनमुळे हात थरथरायचे, तळोजा जेलमध्ये पाणी प्यायला सिपर मागितला तर तपास यंत्रणेने कोर्टात उत्तर द्यायला 20 दिवस मागितले. तेव्हा किती लोकांनी ऑनलाइन ऑर्डर करून सिपर पाठवले, छानच झालं ते, मीही दोन मिनिटं स्क्रोल थांबवलं होतं. जुलै 2021 मध्ये जामिनाची वाट बघत मुंबईतच गेले.

झारखंडात वर्षानुवर्षं कच्च्या कैदेत पडलेल्या आदिवासी पोरांसाठी ते कोर्टात गेले होते. त्या पोरांचं पुढे काय झालं असं कुणी विचारलंच, तर अंगठी दाखवा.