वरून जागा, खालून झोप

पुरुषांच्या दुखण्यांत काही मानाची असतात. हार्ट, स्लिप डिस्क, गेला बाजार मुतखडा. ऑफिसात आवाज थोडा खाली आणून सांगितली की समोरचा खुर्ची पुढे ओढून बसतो. हायड्रोसिल त्यात बसत नाही. अंडकोषाभोवतीच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाणी साठतं, बहुतेकदा का साठलं ते कोणालाच सांगता येत नाही, दुखतबिखत काही नाही. फक्त आकार वाढत जातो आणि माणूस इन करणं सोडून शर्ट बाहेर ठेवायला लागतो. मी शर्टावरून गुडघ्यापर्यंतच्या झब्ब्यावर आलो, तेव्हा बायकोने मला न विचारता सर्जनची अपॉइंटमेंट घेतली.

सर्जनांनी तपासणीच्या खोलीतला दिवा मालवला आणि मागच्या बाजूने टॉर्च लावला. "बघा, कसं छान उजळलंय!" मी मान उचलून बघितलं. दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा लालसर उजेड होता आणि तो माझा होता. "आरपार दिसतंय म्हणजे पाणीच आहे. गाठबीठ असती तर उजेड आला नसता. छोटं ऑपरेशन आहे. लोकल भुलीत, म्हणजे तेवढीच जागा बधिर करून होईल; जनरलमध्ये, पूर्ण झोपवूनही होईल. विचार करून सांगा."

आजवर एकाही डॉक्टरने मला विचार करायला सांगितलं नव्हतं. गोळी पिवळी हवी की पांढरी, हे कधी कोणी विचारलेलं नाही. आणि आता एकदम हे स्वातंत्र्य! "लोकल म्हणजे इंजेक्शन नक्की कुठे?" मी विचारलं. "एक जांघेत," ते म्हणाले, "आणि मग थोडं जागेवर." ते 'जागेवर' ऐकून मी खुर्चीत पाय जवळ घेऊन बसलो. "दुखणार नाही. मधूनमधून ओढल्यासारखं वाटेल, एवढंच."

कॉलनीत आम्ही 'पोटाचं छोटं ऑपरेशन' असं जाहीर केलं होतं. त्यामुळे सल्ले मिळाले ते सगळे पोटाचे. "पोट आणि लोकल? वेडेबिडे झालात काय? सरळ जनरल घ्या," हे मत एकमुखी पडलं. समोरच्या काकांनी तर अपेंडिक्सचा व्रण दाखवायला बनियन वर केली. खरा अवयव फक्त साडूंना माहीत होता. त्यांची दाढ लोकलमध्ये काढलेली असल्याने ते स्वतःला या विषयातले जाणकार समजतात. "काही कळत नाही हो, नुसता ओठ सुजल्यासारखा वाटतो," ते म्हणाले. मला त्यातून धीर घेता येईना.

खरं सांगायचं तर मला दुखण्याची एवढी भीती नव्हती. प्रश्न लाजेचा होता. जनरल घेतली तर आपण ठार बेशुद्ध आणि चार-पाच अनोळखी माणसं आपल्याकडे बघतायत. त्यात माणूस भुलीतून उतरताना काहीबाही बोलतो म्हणतात. आमच्या ओळखीतल्या एकाने शुद्धीवर येताना बायकोसमोर भिशीत किती पैसे अडकवलेत ते सांगून टाकलं होतं. लोकल घेतली तर उलटा त्रास. ती चार-पाच माणसं बघणार आणि आपणही शुद्धीत. मग त्या अवस्थेत बोलायचं काय? गप्प राहिलो तर घाबरलाय म्हणतील, बोललो तर पावसाबद्दल बोलायचं का?

रात्री झोप येईना म्हणून मी भुलीचा इतिहास वाचत बसलो. हा उद्योग ऑपरेशनच्या आधी कोणी करू नये. 16 ऑक्टोबर 1846 ला बॉस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने ईथर हुंगवून भूल दिली आणि शस्त्रक्रिया बिनबोभाट झाली, इथपर्यंत ठीक होतं. पुढे 1898 साली जर्मनीतल्या कील गावचे सर्जन ऑगस्ट बिअर आले. पाठीच्या कण्यात कोकेन सोडलं तर कमरेखालचं शरीर बधिर होतं, हे त्यांना स्वतःवर करून बघायचं होतं. त्यांच्या सहायकाने, हिल्डेब्रांटने, सुई टोचली आणि मग ध्यानात आलं की सिरिंज त्या सुईला बसतच नाही. तोवर कण्यातलं पाणी बरंच वाहून गेलेलं. मग हिल्डेब्रांट म्हणाला, माझ्यावर करा. केलं. बधिर झाला की नाही हे पाहायला बिअरसाहेबांनी त्याच्या पायाला पेटता सिगार लावला, नडगीवर लोखंडी हातोडी मारली आणि शेवटी वृषण चांगले दाबून, ओढून पाहिले. हिल्डेब्रांटला काही कळलं नाही. संध्याकाळी दोघांनी वाइन पिऊन ते साजरं केलं. नंतर बिअर डोकेदुखीने कित्येक दिवस आडवे होते आणि हिल्डेब्रांटच्या नडग्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या. वैद्यकशास्त्राने जिथे हातोडी मारायला हवी तिथे मारावी, पण हा शेवटचा प्रयोग कशासाठी? मी फोन उशीखाली ठेवला आणि कुशीवर वळलो.

दुसऱ्या दिवशी भुलीच्या डॉक्टर आल्या. वयाने माझ्या भाचीएवढ्या. "काका, तोंड उघडा. मोठं. जीभ बाहेर. दात कुठला हलतो का? कवळी? मान वर करा. दम्याचा त्रास? घोरता का?"

"नाही," मी म्हणालो.

"प्रचंड," बायको म्हणाली.

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी गंभीर चेहरा करून माझं मत मांडायला सुरुवात केली की लोकल आणि जनरल या दोन्हींचे फायदेतोटे पाहता... "दोन्ही नाही," त्या म्हणाल्या. "आकार मोठा आहे, नुसतं लोकल पुरायचं नाही. मान आखूड आहे, घोरताय, मग जनरल उगाच कशाला? स्पायनल देते. वरून जागे, खालून झोप." म्हणजे बिअरसाहेबच! मला एकदम सिगार आठवला.

संध्याकाळी वॉर्डातले मामा वस्तरा घेऊन आले. महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत वॉर्डबॉय सगळ्यांचा मामा असतो, पण या प्रसंगी ते नातं जरा जडच जातं. पडदा ओढून मामांनी कामाला हात घातला आणि आमच्या वॉर्डात कोणता नगरसेवक येणार यावर बोलत राहिले. वस्तरा त्यांच्या हातात असल्यामुळे मी त्यांच्या पक्षाशी पूर्ण सहमत होतो. करगोट्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, "सोडू का कापू?" गाठ इतकी जुनी होती की सुटणं शक्य नव्हतं. कापला. एवढ्या सगळ्यात खरोखर उघडं पडल्यासारखं त्याच क्षणी वाटलं.

रात्रीपासून उपाशी. सकाळी मागून उघडा असलेला हिरवा गाऊन, आणि थिएटरमध्ये हुडहुडी भरेल एवढा एसी. टेबलावर बसवून पोटाशी उशी दिली. "मान खाली, पाठ बाहेर काढा, हलू नका." चिमटा घेतल्यासारखं झालं, मग कमरेखाली कोणीतरी कोमट पाणी सोडल्यासारखं. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा छातीला लावला, "गार लागतंय?" लागत होतं. मांडीला लावला. नाही. पाय उचला म्हणाल्या. मी मनापासून उचलले, पाय जागचे हलले नाहीत. ते समोर दिसत होते, पण माझे वाटत नव्हते.

छातीपाशी पडदा बांधला. पलीकडे सर्जन आणि डॉक्टर सोसायटीच्या लिफ्टच्या मेंटेनन्सवर बोलायला लागले. तळमजल्यावाल्यांनी तो का भरायचा, हा वाद होता. मी तळमजल्यावर राहतो. दोन रात्री मी बोलायचं काय या काळजीत काढल्या आणि इथे घरचाच विषय निघाला. मी पडद्याच्या अलीकडून मुद्दे मांडायला लागलो. दुसऱ्या की तिसऱ्या मुद्द्यावर असताना डोळा लागला, कारण सलाइनमधून थोडं झोपेचंही दिलेलं होतं. पुढचं मला नंतर सिस्टरनी सांगितलं. काका इतके घोरत होते की सरांनी दोनदा मॉनिटर पाहिला.

वॉर्डात आल्यावर उशी काढून घेतली आणि सपाट पडून राहायला सांगितलं. दोन्ही अंगठे हलेपर्यंत सिस्टर दर अर्ध्या तासाने येऊन "हलवा बघू" म्हणत होत्या. मग मामा लघवीच्या मागे लागले. स्पायनलनंतर ती अडते, न झाल्यास नळी घालावी लागते, असं त्यांनी सगळ्या खाटांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं. नळीचं नाव काढल्यावर झाली.

मेडिक्लेमचं काम बायकोकडे होतं. हर्निया, हायड्रोसिल, मूळव्याध वगैरे मंडळींना आमच्या पॉलिसीत दोन वर्षांचा वेटिंग पिरियड होता. आमची दोन वर्षं भरलेली होती, पण हे कंपनीच्या माणसाला पटवायचं होतं. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये रेंज नव्हती. "हॅलो? हाय-ड्रो-सिल! हो, हायड्रोसिल! नाही नाही, पोट नाही. पोटाचं काही नाही! उजवा. उजवा हो!"

नेमक्या त्याच वेळी समोरच्या काकू शहाळं घेऊन जिन्यातून वर आल्या. मी चादर हनुवटीपर्यंत ओढून डोळे मिटले. काकूंनी शहाळं टेबलावर ठेवलं, स्टुलावर बसल्या, पंख्याकडे बघितलं.

"आमच्या ह्यांचा डावा होता," त्या म्हणाल्या.