दोनशे मीटरच्या स्टेशनला सात वर्षं का लागतात

"मशीन महिन्याला दोन-तीनशे मीटर बोगदा खणतं. भुयारी स्टेशन असतं दोनशे मीटरचं. मग त्याला सहा-सात वर्षं कशी लागतात? एक खड्डा, एक फलाट, दोन जिने. बाकी सगळे बिल फुगवायचे धंदे." अशी सुरुवात असलेला एक मजकूर सध्या फोनवरून फोनवर फिरतो आहे. वर्षानुवर्षं दारासमोर पत्र्याचं कुंपण बघणाऱ्याचा वैताग खरा आहे. पण मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि एक-दोन तर जिवावर बेतणारी आहेत.

"बोगद्याचं मशीन स्टेशनही खणेल." नाही खणणार. मेट्रोचं टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारं मशीन, साधारण साडेसहा मीटर व्यासाचं गोल भोक पाडतं. त्यात एक गाडी मावते, फलाट मावत नाही. स्टेशनची पेटी वीसेक मीटर रुंद असते. अनेकदा ती आधी खणून तयार ठेवतात आणि मशीन तिच्यातून ओढत पलीकडे नेतात.

"खड्डाच तर खणायचा आहे." सगळा गैरसमज इथेच आहे. खणण्याची पाळी फार उशिरा येते. आधी रस्त्याखालच्या जलवाहिन्या, गटारं, केबल हलवायच्या. जुन्या शहरात नकाशात एक असतं आणि जमिनीत भलतंच, म्हणून ठिकठिकाणी हातानं चर खणून बघावं लागतं. मग कडेच्या भिंती. मधली माती जागच्या जागी ठेवून अरुंद, खोल चर पाडायचा, तो ढासळू नये म्हणून बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीच्या पातळ चिखलानं भरलेला ठेवायचा, त्यात सळ्यांचा पिंजरा सोडायचा आणि तळापासून काँक्रीट ओतत चिखल वर काढायचा. असं एकेक पॅनेल करत वेढा पूर्ण झाला की मग खणायचं. तेही थोडं खणा, दोन भिंतींमध्ये आडवे स्ट्रट, म्हणजे टेकू, ठोका, मोजा, पुन्हा थोडं खणा.

यातलं "मोजा" कुंपणाबाहेरून दिसत नाही. शेजारच्या जुन्या घराच्या भेगेवर दोन पारदर्शक पट्ट्या लावलेल्या असतात. एकीवर मिलिमीटरची जाळी, दुसरीवर लाल फुली. भेग रुंदावली की फुली जाळीवरून सरकते. कुणीतरी नेमानं येऊन तो आकडा टिपून नेतं. आकडा मर्यादेपुढे गेला की खणणं थांबवायचं असतं. त्या दिवशी लोक म्हणतात, "बघा, काम बंद." प्रत्यक्षात काम व्हायला हवं तसंच चाललेलं असतं.

आणि थांबलं नाही तर? सिंगापूरमध्ये निकोल हायवेजवळ मेट्रोच्या खड्ड्यात मापं मर्यादा ओलांडत होती, तरी मर्यादाच वाढवून घेऊन खणणं चालू ठेवलं गेलं. २० एप्रिल २००४ रोजी स्ट्रट निकामी झाले, खड्डा कोसळला, चार माणसं गेली. ३ मार्च २००९ रोजी जर्मनीतल्या कोलोनमध्ये भुयारी रेल्वेच्या खड्ड्याच्या सदोष भिंतीतून माती आणि पाणी आत शिरलं, आणि शेजारचा शहराचा ऐतिहासिक दप्तरखाना जमीनदोस्त झाला. दोघांचा जीव गेला. उलट लंडनच्या वेस्टमिन्स्टर स्टेशनसाठी बिग बेनच्या मनोऱ्याशेजारी सुमारे ३९ मीटर खोल गेले. मनोरा कलू नये म्हणून त्याच्या खालच्या मातीत मापं बघत बघत ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ गारा, भरत राहिले. मनोरा उभा आहे. या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो लागलाच पाहिजे.

मजकुरात नसलेली एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. भूजलात बुडालेली पोकळ पेटी वर यायला बघते. टोकियोत पाणी उपसण्यावर निर्बंध आले, भूजल चढलं, तेव्हा उएनोच्या भुयारी स्टेशनात लोखंडाची वजनं ठेवावी लागली आणि पुढे जमिनीत अँकर गाडावे लागले. स्टेशनाचा तळ इतका जाड का, याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं.

"वरचे मजले, बंद खोल्या कशाला?" हे वाक्य वाचून मला खरोखर राग आला. त्या खोल्यांत धूर खेचणारे पंखे, पाण्याचे पंप, वीज असते. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात १९८७ मध्ये सरकत्या जिन्याखाली आग लागली, ३१ जण मेले. दक्षिण कोरियातल्या देगूच्या मेट्रोत २००३ मध्ये आगीत १९२. आज जगभर वापरात असलेलं एक मानक सांगतं की फलाट चार मिनिटांत रिकामा व्हावा आणि माणूस सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोहोचावा. दोन जिन्यांत हे होत नाही.

"पूर्वी भराभर व्हायचं." लंडनची पहिली भुयारी रेल्वे १८६० ते १८६३ मध्ये झाली, हे खरं. पण तेव्हा रस्ते उघडे खणले, गरिबांच्या वस्त्या पाडल्या, १८६२ मध्ये फ्लीट नदीचं गटार फुटून काम पाण्याखाली गेलं.

म्हणजे उशीर कुणाच्या चुकीनं होतच नाही, असं नाही. लंडनच्याच एलिझाबेथ लाईन या नव्या रेल्वेमार्गाचे बोगदे २०१५ मध्ये खणून झाले होते. मधला भाग डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायचा होता, झाला २४ मे २०२२ रोजी. ती वर्षं खणण्यात गेली नाहीत. स्टेशनांतली यंत्रणा बसवण्यात, तपासण्यात आणि सिग्नलचं सॉफ्टवेअर गाड्यांशी जुळवण्यात गेली. जाब विचारायचा तर तो याचा विचारा: यंत्रणा कधी बसणार, चाचण्या कुठवर आल्या, आणि शेजारच्या घरांच्या मोजमापांचे आकडे रहिवाशांना का दाखवत नाहीत.