'स्थळ बघायला येता की काय?' : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात 'कंपाउंड नीट नसेल तर कुत्रा नाही' या माझ्या लेखावर बऱ्याच प्रतिक्रिया आल्या. (मी रस्त्यावरची कुत्री लोकांना पाळायला देते आणि देण्याआधी त्यांचं घर बघते, त्याबद्दलचा तो लेख.) बहुतेकांना दोन-दोन ओळींत उत्तरं दिली. एका प्रतिक्रियेला दोन ओळी पुरणार नाहीत. लिहिणाऱ्यांनी मला 'ताई' म्हटलंय, म्हणून मीही त्यांना दादा म्हणते. निदान सुरुवातीला.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी, त्यांच्याच शब्दांत: "ताई, तुम्ही कुत्रा देताय की मुलगी? स्थळ बघायला आल्यासारखं लोकांच्या घरी जाता, गेट हलवून बघता, भिंत मोजता. गावाकडे आमच्या आजोबांच्या दारात चार कुत्री होती, कधी कोणी जाळी लावली नाही. भिंतीवर तीस-चाळीस हजार घालू शकेल त्यालाच कुत्रा पाळायचा हक्क का? भाड्याने राहणाऱ्यांनी काय करायचं? सुप्रीम कोर्ट कुत्री उचला म्हणतंय आणि तुम्ही घर मिळत असताना नखरे करता. आणि तुमच्याच फोटोत तुमच्या अंगणाची भिंत कमरेएवढी दिसते." पुढे तीन हसरे चेहरे.

आधी सुराबद्दल बोलू. टीकेचं मला वावडं नाही. गेली एकोणीस वर्षं मी हे काम करतेय आणि या काळात लोकांनी मला दारात उभं करून, फोनवर, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, एकदा तर लग्नाच्या पंगतीत सुनावलेलं आहे. पण ते सगळे निदान नाव सांगून बोलले होते. रात्री पावणेबाराला, तीन हसरे चेहरे चिकटवून, "मुलगी देताय की कुत्रा" असं विचारणाऱ्याला नेमकं काय हवं असतं? उत्तर की टाळ्या?

एक मान्य करते, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. लेखात एका ठिकाणी मी भिंत 'पाच फूट' लिहिली आणि खाली 'सहा फूट'. ही चूक माझीच. मला म्हणायचं होतं की भरीव भिंत पाच फूट आणि त्यावर फूटभर जाळी किंवा ग्रिल. राष्ट्रीय इमारत संहितेतही साधारण असंच आहे: कंपाउंडची भिंत दीड मीटरपर्यंत, आणि वरचे ०.९ मीटर उघड्या जाळीचे असतील तर २.४ मीटरपर्यंत. म्हणजे किल्ला बांधा असं मी कुणालाही म्हटलेलं नाही. दुरुस्ती केली आहे. धन्यवाद.

आता 'स्थळ'. हो दादा, बघते. स्थळ बघायला गेल्यासारखीच जाते, फक्त पोहे खात नाही. आणि भिंत मोजते म्हणजे काय करते ते एकदा सविस्तर सांगतेच, कारण तुम्हाला ते हास्यास्पद वाटलंय.

भिंतीची उंची बाहेरून मोजायची नसते. आतून मोजायची, आणि तीही जिथे भिंतीला काही टेकलंय तिथून. पाच फुटी भिंतीला धुण्याचा दगड लागून असेल तर ती भिंत अडीच फुटांची. एसीचं बाहेरचं यंत्र खाली बसवलेलं असेल तर तिथे तीन फुटांची. उरलेल्या फरशांचा ढीग, जुनी पाण्याची टाकी, भिंतीला घासून लावलेली स्कूटर, यातली प्रत्येक गोष्ट आपल्या देशी कुत्र्याला पायरी असते. तो पाच फूट उडी मारत नाही. पुढचे पाय कडेवर अडकवतो, मागच्या पायांनी भिंत खरवडत वर चढतो आणि पलीकडे सोडून देतो. मी हे दोन हातांच्या अंतरावरून पाहिलंय, हातात ताटली घेऊन.

मग गेट. गेटाखालून माझी मूठ गेली तर तीन महिन्यांच्या पिलाचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की बाकीचं पिलू मागोमाग जातं. कडी नाकाच्या उंचीवर असेल तर हुशार कुत्रा ती आठवड्याभरात नाकाने उचलायला शिकतो. त्यानंतर माणसं. दूधवाला, पेपरवाला, सिलिंडरवाला, कामाच्या मावशी, शिकवणीची पोरं. दिवसातून गेट किती वेळा उघडतं आणि त्यातले किती जण ते मागे लावतात, हे मी घरातल्या आजींना विचारते. यजमानांना नाही. यजमान म्हणतात, "गेट कायम बंदच असतं हो." आजी म्हणतात, "कसलं बंद, कालच गाय आत आली होती."

भिंतीवर फुटक्या बाटल्यांच्या काचा रोवलेल्या असतील तर त्या काढायला सांगते. चोर त्यावर पोतं टाकून येतो. कुत्र्याला पोतं टाकणं सुचत नाही, त्याचं पोट फाटतं. काटेरी तारेचंही तेच. शेतावर डुकरांसाठी लावतात ते झटका मशीन 'कुत्र्यालाही चालेल ना?' असं विचारणारेही भेटलेत. घाबरलेला कुत्रा झटका खाऊन बाहेर पडतो, आणि मग त्याच झटक्याच्या धाकाने परत आत येत नाही.

यात हसण्यासारखं काय आहे, ते मला खरंच कळलेलं नाही.

आता आजोबांची चार कुत्री. तुमच्या प्रतिक्रियेतलं हे एक वाक्य मला सगळ्यांत जास्त ऐकावं लागतं, म्हणून यावर जरा थांबते. माझंही बालपण मिरजेजवळच्या एका गावात गेलंय. आमच्याही दारात वाघ्या होता. जाळी नव्हती, पट्टा नव्हता. तो कुठे पळून जात नव्हता, कारण पळून जायला त्याला दुसरं गावच नव्हतं. त्याची आई त्याच गल्लीतली, त्याचा उकिरडा तिथला, त्याची भांडणं तिथली. अख्खं गाव त्याचं घर होतं आणि आमची ओसरी त्या घरातली एक खोली.

मी जो कुत्रा तुमच्याकडे आणते तो तुमच्या गल्लीत जन्मलेला नसतो. तो दुसऱ्या भागातून उचललेला, नसबंदी केलेला, त्याची खूण म्हणून डाव्या कानाला खाच असलेला, महिनाभर माझ्याकडे किंवा पिंजऱ्यात राहिलेला असतो. गाडीतून उतरला की त्याच्या दृष्टीने तुमचं घर म्हणजे त्याला पळवून आणलेली जागा. तुम्ही कितीही चिकन शिजवा. आमच्यात एक ढोबळ हिशेब असतो: तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे अंदाज घेण्याचे, तीन महिने हे आपलं घर वाटायला. भिंत लागते ती मुख्यतः या काळासाठी. आणि नंतर दर दिवाळीला.

गुंडीची गोष्ट मी इथे कधी लिहिली नव्हती. ती पुण्यातल्या कर्वेनगरची, एका इस्त्रीवाल्याच्या टपरीखाली वाढलेली. धायरीत एका रो-हाउसमध्ये दिली. माणसं उत्तम होती, भिंतही बरी होती. गेटाला खाली वीतभर फट होती आणि "आठवड्यात पट्टी मारून घेतो" असं ते म्हणाले. मी विश्वास ठेवला. दुसऱ्या रात्री गुंडी त्या फटीतून गेली. नऊ दिवस आम्ही धायरी, नऱ्हे, वडगाव पालथं घातलं. नवव्या दिवशी इस्त्रीवाल्याचा फोन आला. टपरीखाली बसली होती. म्हणजे तिने बंगलोर हायवे ओलांडला होता, मुठा नदी ओलांडली होती. चारही पंज्यांच्या गाद्या सोलून निघाल्या होत्या, नखं बोथट झाली होती. मला बघून तिने शेपूट हलवली नाही, टपरीच्या आणखी आत सरकली.

गुंडी नशिबाची. त्याच्या पुढच्या वर्षीचा बाळू नव्हता. तो त्याच हायवेवर, नवले पुलाच्या अलीकडे सापडला, चौथ्या दिवशी. आणि बाळूच्या वेळी माझा नियम मी मोडला होता, कारण एका गृहस्थांनी मला अगदी तुमच्याच शब्दांत ऐकवलं होतं, "ताई, कुत्रा आहे, मुलगी नाही." मी वरमले. वरमायला नको होतं.

हे वाचून तुम्ही म्हणाल की भावनिक होतेय. म्हणा.

आणि आजोबांच्या त्या चार कुत्र्यांबद्दल एक विचारू का? ती किती वर्षं जगली? आमचा वाघ्या एके सकाळी दिसला नाही. वडील म्हणाले, "कुत्रंच ते, येईल नाहीतर जाईल." महिन्याभरात दुसरं पिलू आलं आणि त्याचंही नाव वाघ्याच ठेवलं. लहानपणी मला वाटायचं आमचा वाघ्या फार वर्षं जगला. मोठेपणी मोजलं तेव्हा ते पाच वाघ्या निघाले. तुमच्याकडचे चार खरोखर चारच होते का, हे एकदा आईला विचारून बघा. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तर सगळ्यांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांपेक्षाही मोठा. शेळी रात्री गोठ्यात असते. कुत्रा 'मोकळा' असतो. (भिंतीने बिबट्या अडत नाही, हे मलाही माहीत आहे. तेवढ्यासाठी नवी प्रतिक्रिया लिहू नका. रात्री कुत्रा घरात घ्यायचा असतो.)

काही जणांनी खाली तुमची री ओढत 'मग बांधून ठेवावं' असा तोडगा सुचवलाय. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा त्यांनी उघडून बघावा. कलम ११ मध्ये आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हो, पन्नास. तेवढ्यात आता धड दोन वडापाव येतात, म्हणून कायद्याच्या भरवशावर न राहता मी जाऊन गेट हलवून बघते.

सुप्रीम कोर्टाचं म्हणाल तर तो ११ ऑगस्ट २०२५ चा आदेश दिल्ली आणि परिसरापुरता होता आणि २२ ऑगस्टला तो बदललाही. त्या बदललेल्या आदेशात नसबंदी आणि लस झालेली कुत्री होती तिथेच सोडायला सांगितलं होतं, रेबीज झालेली किंवा आक्रमक वगळून. बातमी पूर्ण वाचत जा, साहेब.

खर्चाचा तो तीस-चाळीस हजारांचा आकडा तुम्हाला कुणी दिला मला ठाऊक नाही. गेटाखाली पट्टी मारायला कोपऱ्यावरचा फॅब्रिकेशनवाला पुरतो आणि धुण्याचा दगड सरकवायला दोन माणसं पुरतात. भाड्याच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन. फ्लॅटमध्ये मी कुत्रे देतेच, तिथे भिंत नाही, बाल्कनीची जाळी बघते. भाड्याच्या बैठ्या घराला घरमालक पट्टी मारू देत नसेल तर मी काय करू? त्याच्याशीही मीच भांडू का? 'श्रीमंतांनाच हक्क' वगैरे वाक्यं टाळ्यांची असतात. माझ्या वहीत १३७ नावं आहेत, त्यांत रिक्षावाले आहेत, एक वॉचमन आहे, दोन शिक्षिका आहेत. बंगलेवाल्यांनाच मी जास्त वेळा 'नाही' म्हटलंय, कारण त्यांना राखणीला कुत्रा हवा असतो आणि तो पोर्चमध्ये. हां, त्या वॉचमनला ज्या बंगल्यात तो राहतो त्याच्या मालकाने गेट करून दिलं, हे खरं. पण म्हणून मुद्दा बदलत नाही.

आता शेवटचं, फोटोतली भिंत. यावर मी लिहिणार नव्हते. पण खाली अकरा जणांनी तुमच्या त्या वाक्याला अंगठा दिलाय, त्यात माझी सख्खी आत्येबहीण आहे.

महाशय, त्या फोटोतली शांता तेरा वर्षांची आहे. तिच्या मागच्या पायांत संधिवात आहे. ती अंगणातून ओसरीवर यायला एक पायरी चढते आणि मध्येच विचार करत थांबते. तिला सहा फूट भिंत कशाला? ती आली तेव्हा, म्हणजे बारा वर्षांपूर्वी, त्या भिंतीवर जाळी होती. ती गंजली, काढली, पुन्हा लावली नाही कारण गरज राहिली नाही. नियम नव्या कुत्र्यासाठी आहे, हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं आहे. पहिला परिच्छेद वाचला होता ना?

आता मध्ये दोन-तीनदा पाहुणे कुत्रे आठ-दहा दिवस राहून गेले, ते खरं आहे, पण ते माझ्या नजरेसमोर होते.

आणि 'कमरेएवढी' वगैरे काही नाही. आज सकाळी टेप घेऊन मोजली. आतून चार फूट सात इंच, गेटापासून थेट विहिरीपर्यंत सगळीकडे सारखी. तुळशीवृंदावनापाशी तेवढी मोजलेली नाही.