एडिसनची चिठ्ठी, हजार अपयशं आणि खरी चिकाटी

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. छोट्या थॉमस एडिसनच्या हाती शाळेने चिठ्ठी दिली. आईने ती वाचून दाखवली : ‘तुमचा मुलगा अलौकिक बुद्धीचा आहे, आमची शाळा त्याला अपुरी पडते.’ आई गेल्यावर चिठ्ठी सापडली, तर आत लिहिलेलं, ‘मुलगा मतिमंद आहे, शाळेत पाठवू नका.’ पुढे तोच मुलगा हजार वेळा अपयशी ठरून विजेच्या दिव्याचा शोध लावतो. तात्पर्य : चिकाटी धरा, यश मिळणारच.

मुलांशी चिकाटीबद्दल बोलायलाच हवं, पण खोट्या गोष्टीच्या आधाराने नको.

आधी चिठ्ठी. एडिसनने स्वतः सांगितलेली हकिकत अशी : ‘याच्या डोक्यात गोंधळ आहे’ असं शिक्षक बोलताना त्याने आपल्या कानांनी ऐकलं आणि तो रडत घरी आला. आई नॅन्सी पूर्वी शिक्षिका होती. तिने शाळेत जाऊन शिक्षकाला खडसावलं आणि मुलाला घरीच शिकवलं. मुलापासून काहीच लपवलेलं नव्हतं. खोटी चिठ्ठी वाचणाऱ्या आईपेक्षा ही उघडपणे भांडणारी आई मला कितीतरी मोठी वाटते.

‘दिव्याचा शोध’ म्हणणंही बरोबर नाही. विजेवर उजेड पाडणं हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जमलं होतं, आणि इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान कार्बनच्या तंतूवर, म्हणजे दिव्यात तापून उजेड देणाऱ्या बारीक धाग्यावर, काम करत होता. घरोघरी परवडेल आणि टिकेल असा दिवा करणं, हा एडिसनपुढचा प्रश्न होता. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कच्या त्याच्या प्रयोगशाळेत सहकारी चार्ल्स बॅचलर होता, गणिती फ्रान्सिस अप्टन होता, काच फुंकणारे कारागीर होते. तंतूचा रोध (विजेला होणारा अडथळा) जास्त ठेवला तर कमी प्रवाहात भागतं आणि तांब्याच्या तारा बारीक चालतात, हे हिशेबाने ठरलं होतं. प्लॅटिनम सोडून ते कार्बनकडे वळले, काचेतली हवा काढण्याचे पंप सुधारले. ऑक्टोबर 1879 मध्ये कार्बन केलेला सुती दोरा अर्ध्या दिवसाहून जास्त जळला. पुढे जपानी बांबूचा तंतू हजार तासांच्या वर टिकला.

मग ‘हजार अपयशां’चं ते प्रसिद्ध उत्तर? ते दिव्याबद्दल नव्हतंच. वॉल्टर मॅलरी या सहकाऱ्याच्या आठवणीप्रमाणे, निकेल-लोखंडाच्या बॅटरीवर हजारो प्रयोग होऊनही काही हाती लागत नाही म्हणून त्याने हळहळ व्यक्त केली, तेव्हा एडिसन म्हणाला की निकाल भरपूर मिळालेत, काय चालत नाही अशा कित्येक हजार गोष्टी आता ठाऊक आहेत. त्या बॅटरीची पुढची कथा फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. 1903 मध्ये ती बाजारात आली, पण डबे गळू लागले. एडिसनने उत्पादन थांबवलं, पुन्हा प्रयोगांना बसला आणि सुधारलेली बॅटरी 1909 मध्ये आणली. तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता.

राहिलं ‘यश मिळणारच’. न्यू जर्सीत ऑग्डेन्सबर्गला हलक्या प्रतीच्या खनिजातून चुंबकाने लोखंड वेगळं काढण्याच्या कारखान्यात त्याने आयुष्याची जवळपास दहा वर्षं आणि प्रचंड पैसा ओतला. मिनेसोटात मेसाबीचं स्वस्त खनिज निघालं आणि कारखाना बंद पडला. कितीही जिद्दीने तो वाचला नसता. एडिसनने तो सोडला आणि दगड फोडण्याचं तिथलं ज्ञान सिमेंटच्या धंद्यात वापरलं.

एके ठिकाणी मात्र तो सोडायला तयार झाला नाही. विजेचा एकाच दिशेने वाहणारा एकदिश प्रवाहच (डीसी) हवा, सतत दिशा बदलणारा प्रत्यावर्ती प्रवाह (एसी) नको, हा हट्ट त्याने वर्षानुवर्षं धरला. 1892 मध्ये त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होऊन जनरल इलेक्ट्रिक झाली. नव्या नावातून ‘एडिसन’ गेलं, आणि त्या कंपनीने प्रत्यावर्ती प्रवाहाचाच धंदा वाढवला.