राजाच्या बाजूच्या बायका आणि फॉरवर्ड होणारी ती पोस्ट

सध्या अमेरिकन क्रांतीवर, म्हणजे अमेरिकेतल्या वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध केलेल्या बंडावर, एक पोस्ट जोरात फॉरवर्ड होतेय. ज्या बायका इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिल्या त्या म्हणे सगळ्या पैसेवाल्या गोऱ्या मडमा, राजकारण काय ते नवऱ्यांचं, बायकांना कुणी बोटही लावलं नाही आणि शेवटी सगळ्या लंडनला जाऊन पेन्शनवर मजेत राहिल्या. वाचायला मस्त आहे, खरं फार थोडं आहे.

गोऱ्या मडमा? मॉली ब्रँट मोहॉक होती, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी. १७७७ च्या ऑगस्टमध्ये बंडखोरांची फौज फोर्ट स्टॅनविक्स या किल्ल्याकडे निघालीय ही खबर तिने पाठवली म्हणून राजाच्या बाजूच्यांना वाटेत ओरिस्कनीला दबा धरता आला. आणि डेबोरा तर खुद्द बंडखोरांचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या इस्टेटीवरची गुलाम, १७८१ मध्ये ब्रिटिश जहाजावर पळून गेली. १७८३ ला न्यूयॉर्क सोडताना ब्रिटिशांनी बरोबर जाणाऱ्या काळ्या लोकांची यादी केली त्यात ती आहे, वय २०, आधीचा मालक जनरल वॉशिंग्टन. तिला राजाचं प्रेम होतं का? बहुतेक नसावं, पण बंडखोरांचा गुलाम आमच्याकडे आला तर त्याला परत देणार नाही असं ब्रिटिश म्हणत होते, आणि स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या तिच्या मालकाकडे तिच्यासाठी तसली काही ऑफर नव्हती.

राजकारण नवऱ्याचं, हा मुद्दा मला सगळ्यात खटकला. बोस्टनची मार्गारेट ड्रेपर घ्या, नवरा १७७४ ला गेला, त्यानंतर त्याचं वर्तमानपत्र हिने चालवलं, तेही राजाच्या बाजूने, शहराला वेढा पडला तेव्हा बाकीचे पेपर बंद आणि हिचा चालू.

आता फिलाडेल्फियाची ग्रेस गॅलोवे. ही मात्र खरंच श्रीमंत, पण पैसा माहेरचा. १७७८ मध्ये ब्रिटिशांनी शहर सोडलं तेव्हा नवरा जोसेफ मुलीला घेऊन त्यांच्याबरोबर गेला आणि ही वडलांची इस्टेट वाचवायला एकटी मागे राहिली, म्हणजे बॅगा भरून नवऱ्यामागे जायचं सोडून बरोबर उलटं केलं बाईने. पण कायद्याने बायकोच्या जमिनीवर ताबा नवऱ्याचा, तो देशद्रोही ठरला की झालं, जप्ती. जबरदस्तीशिवाय घर सोडणार नाही म्हणाली, तर ऑगस्टमध्ये जबरदस्तीनेच बाहेर काढली. काढणाऱ्यांत पुढे होता चार्ल्स विल्सन पील, तोच तो वॉशिंग्टनची चित्रं काढणारा. १७८२ मध्ये ती वारली, नवरा आणि मुलगी परत कधी भेटलेच नाहीत.

गंमत म्हणजे 'राजकारण नवऱ्याचं' हे पोस्टवाल्याचं लॉजिक १८०५ ला मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टात चाललं. अ‍ॅना मार्टिन नवऱ्याबरोबर देश सोडून गेली होती, तिची जमीन सरकारजमा झाली, मुलाने केस केली आणि जिंकला, कारण नवऱ्याबरोबर जाणं हे बायकोचं कर्तव्यच, त्याची शिक्षा तिला कशी देणार. जमीन परत मिळाली पण तिला स्वतःचं मत असू शकतं हे काही कोर्टाने मानलं नाही.

बोटही लावलं नाही म्हणे! न्यूयॉर्कची लोरेंडा होम्स ब्रिटिशांची पत्रं पोचवायची. पकडल्यावर तिचा पाय निखाऱ्यांवर धरला, हे तिने स्वतः नुकसानभरपाईच्या अर्जात लिहिलंय.

राहिलं लंडन आणि पेन्शन. ड्रेपरला पेन्शन मिळालं, मान्य. मॉली ब्रँटलाही वर्षाला १०० पौंड, पण ती राहिली कॅनडात, किंग्स्टनला. राजाच्या बाजूचे बरेच जण कॅनडातल्याच नोव्हा स्कोशियाकडे गेले आणि तिथे कित्येकांनी पहिला हिवाळा तंबूत काढला. युद्धानंतर राजाच्या बाजूच्या लोकांचं नुकसान भरून द्यायला लंडनला जो भरपाई आयोग बसला त्याच्याकडे ४६८ बायकांचे अर्ज आले. पलंग, भांडी, कपडे यांची यादी त्यातल्या अनेकींना बिनचूक देता येत होती, पण जमीन किती, तिची किंमत काय, नवऱ्याने कुणाला किती उधार दिलेत, हे घरात कधी सांगितलंच नव्हतं तर त्या आयोगाला काय सांगणार, आणि आयोगाला पुरावा तर त्याचाच हवा होता.