थंडी, पावडर आणि एका इंचाचा हिशेब: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे आणि निम्मी बरोबर आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाच्या हिवाळ्यात कोयोटीच्या (लांडग्याच्या कुळातल्या लहान प्राण्याच्या) शिकारीला जाणाऱ्याने .२२३ रेमिंग्टनची काडतुसं घरी भरताना तापमानाला दाद न देणारी पावडर घ्यावी, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हा पावडर विकणाऱ्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. तुम्ही उणे १५ अंशांत कोटाच्या खिशातली तीन काडतुसं झाडून पाहिलीत आणि वेग उन्हाळ्याइतकाच आला. वेग पडलाच, तर अर्धा ग्रेन (वजनाचं बारीक माप) पावडर जास्त घालून तो भरून काढावा, असंही तुम्ही सुचवलंत. शिवाय दुकानात तयार काडतुसं मिळत असताना हा खटाटोप कशाला, हा प्रश्न आहेच.

आधी तुमच्या बाजूने हिशेब मांडतो. ५५ ग्रेनची व्ही-मॅक्स गोळी, नळीच्या तोंडाशी वेग सेकंदाला ३,२४० फूट, स्कोपचा झिरो (नेम आणि गोळी जुळतात ते अंतर) २०० यार्डांवर. २१ अंश सेल्सिअसला ही गोळी ३०० यार्डांवर नेमाच्या सुमारे ७ इंच खाली लागते. आता पारा उणे २९ वर आणा. हवा जवळजवळ २० टक्क्यांनी दाट झाली. पावडर चांगली असेल आणि वेग जेमतेम ३० फुटांनी पडला, तरी मुख्यतः या दाट हवेमुळे गोळी साडेआठ इंच खाली जाते. पावडर थंडीला बिचकणारी असेल आणि वेग १०० फुटांनी पडला, तर साडेनऊ इंच. म्हणजे दोन पावडरींमधला फरक ३०० यार्डांवर इंचभराचा. कोयोटीच्या छातीतली मर्माची जागा चारेक इंचांची धरली, तर एका इंचाने शिकार हातची जात नाही. ‘बॉल पावडर घेतली की थंडीत नेम चुकतोच’ हे गोल दाण्यांच्या पावडरीबद्दलचं माझं वाक्य अतिशयोक्त होतं. ते मूळ लेखातून काढलं आहे.

याच हिशेबात दोघांच्याही नजरेतून सुटलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे वारा. ताशी १० मैलांचा आडवा वारा हीच गोळी ३०० यार्डांवर उन्हाळ्यात ११ इंच ढकलतो, उणे २९ मध्ये १४ इंच. वाढलेल्या तीन इंचांत पावडरीचा वाटा अर्ध्या इंचाहूनही कमी, बाकी सगळी हवेची करणी. डकोटाच्या उघड्या माळावर जानेवारीत वारा नसलेला दिवस शोधावा लागतो. त्यामुळे ३०० यार्डांचे नेम नेहमीच घ्यायचे असतील, तर पावडर बदलण्याआधी गोळी बदला. .२४३ विंचेस्टरमधली ८७ ग्रेनची व्ही-मॅक्स त्याच थंडीत, त्याच वाऱ्यात आठ-साडेआठ इंचच सरकते. मात्र ती कातड्याला मोठं भोक पाडण्याची शक्यता जास्त, आणि हिवाळी फर विकायची असेल तर तो तोटाच. धक्काही जास्त, त्यामुळे गोळी कुठे लागली ते स्कोपमधून दिसत नाही. आवाज काढून कोयोटीला २०० यार्डांच्या आत बोलावून मारणाऱ्याला .२२३ सोडण्याचं कारण नाही.

तुमच्या तीन फैरींबद्दल मात्र सहमत होता येत नाही. काडतुसं कोटाच्या खिशात होती असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे बाहेर उणे १५ असलं, तरी आतली पावडर तुमच्या अंगाच्या उबेत होती. तुम्ही थंड रायफल तपासलीत, थंड काडतूस नाही. दुसरं, तीन हा आकडा फार लहान. एका काडतुसापासून दुसऱ्यापर्यंत वेगाचं प्रमाणित विचलन १५ फूट असेल (घरच्या भरणीला हे साधारणच म्हणायचं), तर तीन-तीन फैरींच्या दोन सरासऱ्यांमध्ये १२ फुटांची चूक निव्वळ योगायोगाने येते, आणि त्याच्या दुप्पट आली तरी नवल नाही. अशा धुरळ्यात २५-३० फुटांचा खरा फरक सहज लपतो.

चाचणी करायची तर ती अशी. एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या पावडरीने २० काडतुसं भरा. दहा रात्रभर बाहेर ठेवा, दहा घरात. सकाळी बाहेरची दहा बर्फाच्या विटा घातलेल्या कूलरमध्ये आणि घरातली दहा कोमट पाण्याची बाटली ठेवलेल्या दुसऱ्या कूलरमध्ये न्या. गार आणि कोमट आलटून पालटून झाडा, म्हणजे नळी तापल्याचा दोष दोन्हींत सारखा वाटला जाईल. काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला ते बसतं त्या जागेत) गेल्यापासून पाच-सात सेकंदांत घोडा ओढा. तापलेल्या चेंबरमध्ये गार काडतूस मिनिटभर राहिलं की ते गार उरत नाही. क्रोनोग्राफमध्ये (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रात) अल्कलाइनऐवजी लिथियमचे सेल घाला, नाहीतर निम्म्यातच पडदा मंद होतो. आणि सरासरीपेक्षा विखुरणं बघा. गार दहांमध्ये सर्वांत जलद आणि सर्वांत मंद फैरीतलं अंतर कोमट दहांच्या दीडपट-दुपटीला गेलं, तर प्रश्न वेग पडण्याचा नाही, पेट नीट न घेण्याचा आहे. सरासरी पडली तर स्कोपचे क्लिक फिरवून भागतं. फैरीगणिक बदलणाऱ्या वेगाला क्लिक नाहीत.

पेट का बिघडतो? बॉल पावडरीचे गोल दाणे मंद जळावेत म्हणून त्यांच्यावर मंदक द्रव्याचा लेप असतो. गारठलेल्या दाण्याला तो लेप ओलांडून पेटवायला प्रायमरची (काडतुसाच्या बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीची) ज्वाळा तितकीच दमदार लागते. म्हणून एच३३५ सारख्या पावडरीला थंडीत मॅग्नम प्रायमर, उदाहरणार्थ सीसीआय ४५०, वापरण्याचा रिवाज आहे. केस (काडतुसाचं पितळी कवच) अर्धवट भरलेली असेल तर दाणे कधी प्रायमरपाशी असतात, कधी गोळीपाशी, आणि ज्वाळा दर वेळी वेगळी पकडते. केसची ९० टक्क्यांहून जास्त जागा व्यापणारी पावडर निवडली की हा त्रास बराच कमी होतो. हॉजडन कंपनीची एक्स्ट्रीम मालिका, म्हणजे व्हारगेट, बेंचमार्क, एच३२२, एच४८९५, ऑस्ट्रेलियात मुलवालाच्या कारखान्यात बनते. तिचे दाणे नळकांडीच्या आकाराचे असतात आणि तापमानाला खरोखरच कमी बधतात. ढोबळ मानाने दर अंश सेल्सिअसला बॉल पावडर दोनेक फूट घालवते, ही अर्ध्या फुटाच्या आसपास. पण हा आकडा एका केसमधला दुसऱ्या केसला जसाच्या तसा लागू होत नाही, म्हणून वरची चाचणी. व्हारगेटचं एक खटकतं: दाणे लांब, .२२३ चं तोंड अरुंद. पावडर टाकायच्या यंत्रात दाणा चिरडल्याची ‘कच्’ हाताला जाणवते आणि पुढचं माप हललेलं असतं. ती तराजूवरच मोजावी. बेंचमार्क आणि एच३२२ चे दाणे आखूड, ते यंत्रातून सरळ उतरतात.

आता अर्धा ग्रेन. तुमच्या प्रतिक्रियेतलं धोक्याचं वाक्य हेच आहे, आणि माझ्या उत्तराचं मुख्य कारणही. .२२३ मध्ये सगळी पावडर मुळात पंचवीसेक ग्रेन. त्यात अर्धा ग्रेन म्हणजे दोन टक्के, आणि दाब वेगापेक्षा पुष्कळ झपाट्याने चढतो. या काडतुसाची दाबाची कमाल मर्यादा ५५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) आहे. उणे २५ मध्ये भरणी वाढवत नेलीत, तर दाबाच्या खुणा दिसणारच नाहीत: बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) हलका उघडेल, प्रायमरच्या कडा गोल राहतील, केसच्या बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा उठणार नाही. तुम्हाला वाटेल, अजून जागा आहे. मग तीच उरलेली काडतुसं जुलैत ३५ अंशांत बाहेर निघतात. साठ अंशांचा फरक! जुलैपर्यंत थांबायचीही गरज नाही. पिकअपच्या डॅशबोर्डवर, हीटरच्या झरोक्यासमोर तासभर पडलेली डबी पुरेशी आहे. बोल्ट हाताने उघडत नाही, प्रायमरचा खड्डा सैल होऊन प्रायमर गळून पडतो, आणि ही झाली नशीबवान माणसाची गत. म्हणून भरणी उन्हाळ्यात, छापील मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून वर नेत ठरवावी आणि हिवाळ्यात फक्त तपासावी. प्रायमर साध्याचा मॅग्नम केलात तरी पुन्हा सुरुवातीच्या मापावर यायचं. पावडरीची नेमकी वजनं मी इथे मुद्दाम देत नाही. ती ज्या गोळीची, ज्या केसची आणि ज्या प्रायमरची, त्या मॅन्युअलच्या पानावरूनच घ्यावीत.

तयार काडतुसांबद्दल तुमचं खरं आहे. २०० यार्डांच्या आत चांगल्या कारखान्याची ५५ ग्रेनची पेटी काम चोख करते. फक्त आत कुठली पावडर आहे ते पेटीवर लिहिलेलं नसतं, आणि पुढच्या खेपेला ती बदललेली असू शकते. म्हणून एकाच लॉट नंबरच्या चार-पाच पेट्या घ्या आणि तीच चाचणी त्यांच्यावर करा.

घरी भरणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. केस पूर्ण लांबीची साइझ करून (साच्यात दाबून मापाला आणून) खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, दोन-तीन हजारांश इंच मागे बसवावा. फक्त मान साइझ केलेली केस रेंजवर गोड वाटते, पण चेंबरमध्ये हिमाचा कण गेला की बोल्ट बंद होत नाही. गोळी नळीतल्या खाचांना टेकवू नये, वीसेक हजारांश इंच अलीकडे ठेवावी. शिकारीत दर ठिकाणाहून उठताना रायफल रिकामी करायची असते. टेकलेली गोळी नळीतच अडकून राहते, केस रिकामी बाहेर येते आणि पावडर बोल्टच्या खाचेत सांडते. हातमोजे घालून, उणे २५ मध्ये, ती साफ करणं म्हणजे दिवस संपला.

काडतूस पेटलं नाही की लोक आधी पावडरीला शिव्या देतात, बऱ्याचदा दोष बोल्टमधल्या ग्रीसचा असतो. घट्ट झालेलं ग्रीस फायरिंग पिनला मंद करतं, ठोका हलका पडतो. त्यात सीसीआय ४५० ची टोपी साध्या ४०० पेक्षा जाड, म्हणजे मॅग्नम प्रायमर बसवून दुखणं वाढवल्यासारखंच होतं. हिवाळ्याआधी बोल्ट उघडून पिन आणि स्प्रिंग सॉल्व्हंटने कोरडी करावी, वर ग्रॅफाइटची पूड किंवा पातळ कृत्रिम तेलाचा पुसट हात, बस्स. रायफल घरात आणताना खोळ बंदच ठेवा, ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत. नाहीतर हवेतलं पाणी पिनवर जमतं आणि दुसऱ्या दिवशी बाहेर गोठतं.

आणखी एका वाचकांनी विचारलंय की हे भारतात कुठे करता येईल. शिकार तर नाहीच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो प्रश्न मिटवला आहे. हा सगळा मजकूर कॅल्गरी-मिनियापोलिसकडे परवाना काढून शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: ‘टक्’ आवाज आला आणि फैर झाडली गेली नाही, तर बोल्ट लगेच उघडावा का? मुळीच नाही. थंडीत उशिरा पेटणाऱ्या प्रायमरची शक्यता असते. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, चेहरा बोल्टच्या रेषेतून बाजूला ठेवा, मगच उघडा. बाहेर आलेल्या काडतुसाचा प्रायमर बघा: खळगा उथळ असेल तर बोल्ट साफ करायचा राहिला आहे किंवा प्रायमर नीट बसवलेला नव्हता, खोल असेल तर प्रायमरच खराब आहे, बहुधा त्यात तेल गेलंय.