झेंडा मी पाडला नव्हता

झेंडा मी पाडला नव्हता, हे आधीच लिहून ठेवतो. एसीच्या झोताने तो आडवा झाला. पण टेबलावरचा छोटा झेंडा आडवा म्हणजे ‘पोट भरलं, पुरे’ असा त्या बार्बेक्यू हॉटेलचा कायदा, आणि तिथला पोरगा कायद्याला इतका पक्का की मी पुदिन्याच्या चटणीतून मान वर काढेपर्यंत तो शेगडी उचलून चालायला लागला होता. शेगडीवर मटण शीग कबाबच्या दोन सळ्या होत्या. सव्वा तासात पहिल्यांदा आलेल्या. मी “अहो, अहो!” म्हणालो. तो “थँक्यू सर” म्हणाला.

संभाजीनगर, जालना रोड, रविवार, रात्रीचे साडेआठ, माणशी ८९९ रुपये, आम्ही सहा जण. टेबलाच्या मधोमध खड्डा, खड्ड्यात कोळशाची शेगडी, तिच्यावर सळ्या, शेजारी तेला-मसाल्याच्या तीन वाट्या आणि एक ब्रश. झेंडा उभा तोवर आणत राहायचं.

ही शेगडी म्हणजे नाटकातला दिवा. उजेड पडतो, स्वयंपाक होत नाही. माल आत तंदूरमध्ये शिजूनच येतो, टेबलावरचा कोळसा तो फक्त गरम ठेवतो. हे न कळल्यामुळे निम्मी मंडळी “अजून होऊ द्या जरा” म्हणत सळ्या तशाच ठेवतात आणि पाच मिनिटांनी पनीर चपलेच्या पट्ट्यासारखं ओढत बसतात. सळी आली की दोन मिनिटांत काढून घ्यावी. ब्रशही एकदाच फिरवायचा. दर वेळी टपकणारं तेल निखाऱ्यावर पडतं, भडका उठतो, त्याची काजळी चिकनवर बसते आणि लोक तिला ‘स्मोकी फ्लेवर’ म्हणतात. निखाऱ्यावर पांढरी राख धरलेली असेल तेव्हाच तो भाजण्याजोगा. आमच्या शेगडीत शेवटपर्यंत ज्वाळा होत्या.

आणि क्रम! क्रमात सगळं राजकारण आहे. आधी कुरकुरीत मका. मग बटाटा. मग चाट मसाला लावलेला अननस, मग पुन्हा मका, “सर, स्पेशल आहे.” पिठूळ आणि तळलेलं आधी घालून पोटाचा तळ भरून घ्यायचा, महाग माल नंतर, तोही दोन-दोन सळ्यांनी. पहिली पंधरा मिनिटं मक्याला ठाम नकार देणारा माणूसच तिथून काही वसूल करून उठतो. पण रविवारी रात्री भुकेलं पोर शेजारी बसवून मक्याला नकार देऊन दाखवावा कुणीतरी.

मी हे मनातल्या मनात चरफडत होतो. शेजारच्या टेबलावर मात्र एक गृहस्थ ते लिहून काढत होते.

पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, सत्तरीच्या आसपासचं वय. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीवर (दलालाच्या पेढीवर) चाळीस वर्षं मुनीम होते, हे त्यांनी पहिल्या मिनिटातच सांगितलं. नातवाच्या वाढदिवसाला मुलाने आणलं होतं. नातू मोबाइलमध्ये, मुलगा-सून सेल्फीत, आणि मुनीमकाका टिश्यू पेपरवर चार रकाने आखून बसलेले.

“भाऊ, तुमच्याकडं झिंगा आला का?”

“नाही काका.”

“मग आवकच नाही. मला वाटलं आमालाच देईनात.” त्यांनी लिहिलं : झिंगा, आवक नाही. वर लिहिलेलं होतं : मका, आवक जोरात. बटाटा, आवक जोरात. अननस, किरकोळ.

एवढ्यात पोराने त्यांच्या ताटात पनीर टाकलं. काकांनी ते खाल्लं नाही. अंगठा आणि तर्जनीत धरून दाबलं, पाणी सुटलं, ते त्यांनी सगळ्यांना दाखवलं. “मॉइश्चर बघा. सोयाबीन आमी बारा टक्क्यांवर घेतो. त्याच्या वर गेलं की कटती, पैसे कापतो.”

“काका, पनीरमध्ये निम्म्याहून जास्त पाणीच असतं.”

“मग पाण्याला पनीरचा भाव कामून लावायलेत?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं म्हणजे होतं, पण ते त्यांच्याच बाजूचं होतं. पनीरला साध्या दह्यात मुरवलं की ते पाणी सोडतं आणि मसाला सळीवरून घसरतो. त्याला लागतो चक्का, म्हणजे रात्रभर टांगून पाणी निथळलेलं दही. किलोभर पनीर किंवा बोनलेस चिकनला पाव किलो चक्का, दोन-तीन चमचे आलं-लसूण, तेवढंच मोहरीचं तेल, आणि तीन चमचे भाजलेलं बेसन. बेसन चक्क्याला धरतं, चक्का मालाला धरतो. इथे बेसन भाजायचा कंटाळा केला होता. पहिल्याच घासाला कच्च्या पिठाची चव जिभेवर येते आणि जात नाही.

मग तंगडी आली. काकांनी ती उभी धरली.

“लेकरा, ह्यात बारदाना किती?”

“काय अंकल?”

“बारदाना, बारदाना. पोत्याचं वजन. हाड.”

“अंकल, चिकनला हाड असतंच.”

“असू दे की. वजा धरतो. मी कुठं नाही म्हणायलो?” आणि त्यांनी ‘बारदाना, तिसरा हिस्सा’ असं खरोखर लिहिलं. हाडाजवळचं मांस गुलाबी होतं. तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन चिरे दिलेले नसले की असं होतं : मसाला वरच्या कातडीवर राहतो, आच आत पोचत नाही. मधोमध ७४ अंश सेल्सिअस झाल्याशिवाय कोंबडी खाऊ नये. हे मी काकांना सांगितलं, तर त्यांनी आणखी एक रकाना आखला.

पोरगा बिचारा हसत होता. “अंकल, टेन्शन घेऊ नका, अनलिमिटेड आहे!”

काकांनी पेन खाली ठेवलं. “लेकरा, आडत्यासुद्धा शेतकऱ्याला उचल अनलिमिटेडच देते. कितीबी घे म्हनते. कळते ते सुगीला, हिशेबाची पट्टी हातात आली की.”

पोराने मका वाढला.

या संभाषणात एक मोठा खंड पडला, कारण वाढदिवस सुरू झाले. नऊच्या सुमाराला त्या हॉलमध्ये अर्ध्या तासात तीन. दिवे मंद होतात, सगळे वाढपी हातातलं टाकून एका टेबलाभोवती टाळ्या पिटत गातात, आणि तेवढा वेळ उरलेल्या टेबलांवरच्या सळ्या निखाऱ्यावर बेवारस. ज्याचा वाढदिवस तो लाजतो, बाकीच्यांचं चिकन जळतं. तिसरा वाढदिवस काकांच्या नातवाचा. तो टेबलाखाली गेला तो केक कापेपर्यंत बाहेर आला नाही. काका त्या गोंधळातही लिहीत होते.

आमच्या मराठवाड्यात भाजून खाण्याची पंगत काही बार्बेक्यूवाल्यांनी आणलेली नाही. डिसेंबर-जानेवारीत शाळूच्या रानात जा. गोवऱ्यांची आगटी, तिच्या फुफाट्यात खुपसलेली सुरती नाहीतर गुळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं, ती हातावर चोळून काढणारा एक माणूस आणि समोर बसून नुसते खाणारे दहा. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. तिथेही तत्त्व तेच : गरम आहे तोवर खा, गार झालेला हुरडा वातड होतो. कणीस जास्त राहिलं तर दाणा करपतो, कमी राहिलं तर चोळताना सुटत नाही. म्हणून आगटीवरचा माणूस जागचा हलत नाही. त्याला कुणी ‘हॅपी बर्थडे’ गायला बोलवत नाही.

(हल्ली हुरडाही माणशी तिकिटावर मिळतो, बैलगाडीच्या फेरीसकट. तिथेही आधी भजी देऊन पोट भरतात. ही विद्या सगळीकडे पोचलेली आहे.)

बासा मासा आला. गोठवलेला बासा नीट निथळून, पुसून घेतला नाही तर निखाऱ्यावर तो भाजला न जाता वाफवला जातो; तसाच होता. झिंगे आले, माणशी एक. झिंगा अर्धवट वाकला की झाला, पूर्ण वेटोळं झालं की रबर. आमचे सगळे वेटोळे. बऱ्या होत्या त्या फक्त शीगच्या सळ्या. तोंडात गेल्या नाहीत, पण दिसायला खिमा सळीला घट्ट धरून होता, म्हणजे आतला कांदा कुणीतरी पिळून घेतला होता. कांद्याचं पाणी राहिलं की शीग सुटून कोळशात पडते. अख्ख्या स्वयंपाकघरात एक माणूस मनापासून काम करत होता, आणि त्याचंच काम झेंड्याने नेलं.

बिल आलं. सहा जणांचे ५३९४. त्यावर सेवा शुल्क दहा टक्के, ५३९ रुपये ४० पैसे. मग या सगळ्यावर जीएसटी पाच टक्के. एकूण ६२३०. सेवा शुल्क नसतं तर जीएसटीसकट ५६६४ झाले असते. म्हणजे बक्षिसी आम्ही न विचारता दिली आणि बक्षिसीवर करही भरला.

इथे मात्र मला विनोद सुचला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच सांगितलंय की हॉटेलने सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. काढायला सांगितलं तर काढावं लागतं, नाही काढलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. मी मॅनेजरला एवढं सगळं ऐकवलं. तो म्हणाला, “ओके सर, काढतो.” दोन मिनिटांत नवं बिल. म्हणजे काढता येतं हे त्याला ठाऊकच होतं. जो बोलत नाही त्याच्याकडून घ्यायचं, एवढंच. त्या हॉलमध्ये तीसेक टेबलं होती. किती जण बोलले असतील?

काका आपल्या मुलाच्या हातातलं बिल वाचत होते. “ही हमाली. आमीबी कापत होतो. पन पट्टीवर हमाली लिहून कापत होतो, सेवा म्हनत नव्हतो.” त्यांनीही काढायला लावली.

मग तो झेंडावाला पोरगा मोबाइल घेऊन आला. “सर, फाइव्ह स्टार देऊन जा ना, आणि माझं नाव लिहा.” त्याच्यावर राग धरवत नव्हता; ज्याचं नाव जास्त वेळा येतं त्याला महिन्याअखेरी काहीतरी मिळत असणार. पण त्यामुळेच त्या हॉटेलबद्दलची शेकडो मतं वाचली तरी कळतं एवढंच, की अमुक दादांची सर्व्हिस खूप छान, गाणं खूप छान. बासा ओला होता हे कुठेच नाही. वार कोणता, दुपार की रात्र, करासकट किती पडले, झिंगा कितव्या मिनिटाला आला आणि मागावा किती वेळा लागला, यातलं एकही नाही. सोमवार ते गुरुवार दुपारी तिथेच माणशी दोनशे रुपये कमी आहेत, गर्दी नसते, वाढदिवस नसतात, सळी वेळेवर येते. हे कोणी लिहीत नाही. तारे मात्र पाच.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी टिश्यू पुढे केला. मी तो जसाच्या तसा उतरवला :

“मका, बटाटा : आवक जोरात. पनीर : माल ओला, पीठ कच्चं. तंगडी : बारदाना वजा जाता मध्यम, आत कच्ची. बासा : भिजलेला. झिंगा : आवक नगण्य. कुल्फी : चांगली. हमाली : भांडल्यावर परत. पाचातून कटती दोन. तीन तारे.”

खाली मी माझ्यातर्फे एक ओळ घातली : “मटण शीग, दोन सळ्या, टेबलावरून उचलून नेल्या. झेंडा वाऱ्याने पडला होता.”

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉटेलचं उत्तर आलं. माझ्या अमूल्य अभिप्रायाबद्दल ते आभारी आहेत. पुढच्या भेटीत सेवेची संधी द्यावी. आणि माझा वाढदिवस कधी असतो ते कळवावं.